लिव्हरचा कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागतो का? घरच्यांना पडणारे प्रश्न

घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर निघाला की पहिल्या आठवड्यात फाइल जाड होत जाते आणि कुणीतरी न बोलता पेशंटचं ताट, वाटी, पेला वेगळा काढून ठेवतं. वेगळं काढणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, भीती असते. पण ही भीती चुकीच्या जागी खर्च होते. ताट वेगळं होतं आणि ज्या रक्ततपासणीने घरातला पुढचा आजार टळू शकतो, ती राहून जाते. खालचे प्रश्न पेशंटच्या नातेवाइकांच्या तोंडी नेहमी येणारे आहेत. काही मोठ्याने विचारले जातात, काही डॉक्टरांच्या केबिनबाहेर आल्यावर.

लिव्हरचा कॅन्सर पेशंटकडून दुसऱ्याला लागतो का?

नाही. शेजारी बसून, एकत्र जेवून, मिठी मारून, खोकल्यातून, घामातून, कपड्यांतून, एका अंथरुणात झोपून, कशानेही नाही.

कारण समजून घेतलं तर भीती लवकर जाते. कॅन्सर म्हणजे बाहेरून आलेला जंतू नव्हे. त्या माणसाच्याच यकृतातल्या पेशी ताळतंत्र सोडून वाढायला लागलेल्या असतात. समजा त्यातल्या काही पेशी दुसऱ्याच्या शरीरात गेल्याच, तरी त्या शरीराला त्या परक्याच वाटतात आणि ते त्यांचा फडशा पाडतं. एकाची किडनी दुसऱ्याला बसवली की ती टिकण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, ती याच कारणाने. सख्ख्या भावाचा अवयवसुद्धा शरीर सहजासहजी आपला मानत नाही.

म्हणजे कॅन्सर कुणालाच, कधीच लागलेला नाही?

प्राणिजगतात लागलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचे टास्मानियन डेव्हिल नावाचे प्राणी भांडताना एकमेकांच्या तोंडाला चावतात आणि त्या चाव्यातून तोंडाचा ट्यूमर एकाचा दुसऱ्याला जातो. कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा एक ट्यूमर आहे. माणसांत अशा घटना अगदी तुरळक आहेत आणि त्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतात, यावरूनच त्या किती दुर्मीळ ते कळावं. १९९६ साली जर्मनीतल्या एका सर्जनची हकिगत प्रसिद्ध झाली. ऑपरेशन करताना त्यांच्या हाताला जखम झाली आणि काही महिन्यांनी तिथे पेशंटच्याच पेशींचा ट्यूमर उगवला. तो लिव्हरचा कॅन्सर नव्हता. दान केलेल्या अवयवातून कॅन्सरच्या पेशी गेल्याची उदाहरणंही क्वचित आहेत, कारण तिथे प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. तुमच्या स्वयंपाकघरात यातलं काहीच घडत नाही.

मग डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायला का सांगितलं?

इथेच खरी मेख आहे. कॅन्सर लागत नाही, पण त्याच्या मुळाशी असलेला विषाणू लागू शकतो.

यकृताच्या कॅन्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे विषाणू. दोन्ही रक्तातून पसरतात आणि यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहतात. यकृत सुजतं, भरून येतं, पुन्हा सुजतं. वीस-तीस वर्षांत त्यावर इतके व्रण साठतात की ते कडक, गाठीगाठीचं होतं. त्याला सिरोसिस म्हणतात आणि बहुतेक वेळा कॅन्सर अशाच यकृतात उगवतो. बी विषाणू तर आणखी पुढे जातो. तो आपला जनुकीय तुकडा यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे सिरोसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो.

गंमत अशी, की इतकी वर्षं बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पोट दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. त्यातल्या बहुसंख्यांना त्याचा पत्ताही नाही.

म्हणून पेशंटला बी किंवा सी निघाला असेल, तर प्रश्न ‘कॅन्सर आम्हाला लागेल का’ हा नाही. ‘हा विषाणू या घरात आधीपासून आणखी कुणाकडे आहे का’ हा आहे. आणि पेशंटला दोन्ही निगेटिव्ह असतील, कॅन्सरमागे दारू किंवा फॅटी लिव्हर (यकृतात साठलेली चरबी) असेल, तर लागण्यासारखं काही उरतच नाही.

‘कॅन्सर पसरलाय’ असं डॉक्टर म्हणाले. तरीही लागणार नाही?

तरीही नाही. हा शब्दाचा घोळ आहे. पसरला म्हणजे त्याच माणसाच्या शरीरात, यकृतातून फुप्फुसात किंवा हाडात गेला. कधी उलटंही असतं, मोठ्या आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर यकृतात येऊन बसतो. त्याला लोक लिव्हरचा कॅन्सर म्हणतात, पण तो मुळात लिव्हरचा नसतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात. रिपोर्टमध्ये ‘सेकंडरी’ किंवा ‘मेटास्टेसिस’ लिहिलंय का ते विचारून घ्या.

कावीळ तर पाण्यातून पसरते. आमच्या गावात साथच आली होती. मग सगळ्या गावाला कॅन्सर होणार का?

नाही. मराठीत एकाच ‘कावीळ’ शब्दात आपण पाच वेगळे विषाणू आणि शिवाय पित्ताचे खडे, औषधांचे दुष्परिणाम असं सगळं कोंबलेलं आहे. त्यामुळे हा गोंधळ होणारच.

दूषित पाण्यातून, अन्नातून पसरतात ते हिपॅटायटिस ए आणि ई. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती ई विषाणूची होती. १९५५-५६ साली दिल्लीत हजारो लोक आजारी पडले, तोही ई विषाणूच होता हे पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं. हे दोन्ही विषाणू येतात, त्रास देतात आणि निघून जातात. गरोदर बाईला ई विषाणू जिवावर बेतू शकतो, पण एरवी धडधाकट माणसाच्या यकृतात हे दोघं ठाण मांडत नाहीत आणि म्हणून कॅन्सरही घडवत नाहीत.

बी आणि सी उलट. ते पाण्यातून येत नाहीत, पण एकदा आले की ठाण मांडून राहू शकतात.

यावरून काविळीच्या गावठी उपचारांबद्दल एक. कावीळ ‘उतरवणारे’ गावोगावी आहेत. हाताला चुना चोळून पिवळं पाणी काढून दाखवतात, पाल्याचा रस देतात, आठ-पंधरा दिवसांत डोळे पांढरे होतात. ए आणि ईची कावीळ आपणहून बरी होतेच, श्रेय पाल्याला जातं. खरी अडचण बीच्या पेशंटची होते. त्याचेही डोळे पांढरे होतात, तो ‘कावीळ उतरली’ म्हणून घरी जातो आणि विषाणू आतच राहिलेला असू शकतो. ज्याला कधीही कावीळ होऊन गेली, त्याने ती कोणत्या विषाणूची होती हे रक्त तपासून एकदा पाहावंच.

ताट-वाटी, टॉवेल, बाथरूम वेगळं करायचं का?

ताट, वाटी, पेला, संडास, बाथरूम, चादरी, काहीही वेगळं करू नका. पेशंटच्या हातची पोळी खा. एकाच डब्यातून जेवा. नातवंडांना मांडीवर बसू द्या. डास चावूनही बी किंवा सी पसरत नाही.

पेशंटला बी किंवा सी असेल तर ज्या वस्तूला रक्त लागू शकतं तेवढी मात्र प्रत्येकाची आपापली असावी: दाढीचं ब्लेड, रेझर, टूथब्रश, नेलकटर, साखर तपासायची सुई. बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. रक्त सांडलं तर हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं करून पुसून घ्या. जखम झाकून ठेवा. बस्स.

नवरा-बायकोचं काय?

बी विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि चांगलाच पसरतो. जोडीदाराने लगेच तपासणी करावी. निगेटिव्ह असेल आणि आधी लस झाली नसेल तर लस घ्यावी. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कोर्स संपल्यावर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार झालेल्या संरक्षक प्रथिनांची, तपासणी करावी, आकडा १०च्या वर हवा. तोवर कंडोम. लस लागू पडली की चिंता मिटली.

सी विषाणू नवरा-बायकोत क्वचितच पसरतो. त्यावर लस नाही, पण खात्रीचं औषध आहे.

सासूबाईंना लिव्हरचा कॅन्सर आहे, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे. माझ्या बाळाला धोका आहे का?

सासूबाईंनी बाळाला घेतल्याने, भरवल्याने, पापा घेतल्याने नाही. पण हा प्रश्न एक पिढी मागे न्यायला हवा. सासूबाईंना विषाणू बहुधा लहानपणीच आला असेल. मग त्यांच्या बाळंतपणात तो तुमच्या नवऱ्याला, दीर-नणंदांना गेला का? आणि नवऱ्याकडून तुम्हाला?

आपल्याकडे बी विषाणूचा मोठा रस्ता आईकडून बाळाला, तोही जन्माच्या वेळी, असा आहे. वय किती त्यावर पुढचं सगळं ठरतं. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक जणांचं शरीर सहा महिन्यांत विषाणूला हाकलून देतं. जन्मतः लागण झालेल्या बाळांत मात्र शंभरातल्या सुमारे नव्वद जणांत तो कायमचा राहतो. बाळाच्या शरीराला अजून आपलं-परकं कळत नसतं. पन्नाशीत निघालेल्या कॅन्सरची सुरुवात कित्येकदा बाळंतपणाच्या खोलीत झालेली असते.

म्हणूनच प्रत्येक बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बीची लस द्यायची असते आणि पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीत मिळून. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही देतात. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत विषाणू दाबणारी टेनोफोव्हिर गोळी सुरू करतात. एवढं केलं की पॉझिटिव्ह आईचं बाळ बहुतेक वेळा निगेटिव्ह राहतं. अंगावर पाजायला हरकत नाही, एवढंच नव्हे, पाजाच.

बाळ घरी किंवा आडगावात जन्मलं आणि पहिला डोस राहिला तर तो ‘नंतर बघू’ प्रकारातला नाही.

विषाणूने कॅन्सर होतो, हे नक्की कशावरून?

गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६५ साली अमेरिकेत बरूक ब्लुमबर्ग या संशोधकांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं आवरण निघालं. आजही जुने डॉक्टर आणि लॅबवाले त्या तपासणीला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात. रिपोर्टवर हे नाव वाचून कुणी ऑस्ट्रेलियाशी काय संबंध म्हणून गोंधळलं, तर संबंध हा. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं आणि त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, आता जागतिक हिपॅटायटिस दिन आहे.

पुरावा तैवानमधून आला. पामर बीसली हे अमेरिकन डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या २२,७०७ पुरुषांचं रक्त तपासून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं. १९८१ साली निष्कर्ष छापले तोवर ४१ जण यकृताच्या कॅन्सरने गेले होते. त्या ४१ पैकी ४० जण बीचे वाहक होते, म्हणजे त्यांच्या रक्तात तो विषाणू मुक्कामाला होता. यापेक्षा बोलका आकडा वैद्यकात क्वचित मिळतो.

तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधलं यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्यावर आलं. कॅन्सर टाळणारी पहिली लस ही. आपल्याकडे ती सुरुवातीला परदेशातून येई आणि फार महाग पडे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली आणि किंमत उतरली. देशभरातल्या सरकारी लसीकरणात मात्र ती २०११ मध्ये पोहोचली. म्हणजे आज विशी-तिशी ओलांडलेल्या अनेकांना लहानपणी ती मिळालेलीच नाही.

बाबा दारूला कधी शिवले नाहीत, माळकरी. तरी लिव्हरचा कॅन्सर कसा?

‘लिव्हर गेलं म्हणजे पीत असणार’ ही कुजबुज कित्येक घरांना आजारापेक्षा जास्त लागते. दारू हे एक कारण आहे, एकमेव नाही. बी आणि सी विषाणूंना माळ दिसत नाही. मधुमेह आणि वाढलेल्या पोटाबरोबर येणारं फॅटी लिव्हर हे झपाट्याने वाढत असलेलं कारण आहे.

आणखी एक कारण डाळ-दाण्यांच्या डब्यात असतं: अफ्लाटॉक्सिन. दमट हवेत शेंगदाणे, मका, सुकं खोबरं यांवर एक बुरशी वाढते आणि हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून त्याचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा आणि पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि बी विषाणूही असेल तर तो धोका कैक पटींनी वाढतो. भाजून किंवा तळून हे विष पूर्ण जात नाही. तेव्हा पावसाळ्यात दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे टाकून द्यायची जुनी रीत सोडू नका. त्यांचं कूट करून ‘खपवणं’ मात्र सोडा. कडू दाणा तोंडात आला तर गिळू नका.

आमच्या घरात आजोबा, काका आणि आता बाबा. हे रक्तातच आहे का?

आनुवंशिक कारणं आहेत, उदाहरणार्थ शरीरात लोह साठत जाणारा हिमोक्रोमॅटोसिस, पण आपल्याकडे ते फार आढळत नाही. एका घरात दोघा-तिघांना झाला की आधी विषाणूचा संशय घ्यावा. एका आईची मुलं, एकच रस्ता. नशीब किंवा कुळाचा शाप म्हणून सोडून देऊ नका, सगळ्या भावंडांचं रक्त तपासा. बी निघाला आणि घरात हा कॅन्सर आधी झालेला असेल, तर नियमित सोनोग्राफी लवकर सुरू करतात.

बाहेरून कुठून येऊ शकतो हा विषाणू?

न उकळलेल्या, पुन्हा वापरलेल्या सुया. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात हिपॅटायटिस बीचा उद्रेक झाला, बरेच लोक गेले, आणि त्यामागे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरणं हे कारण निघालं. ‘सुई घेतली की बरं वाटतं’ म्हणून गोळीने भागणाऱ्या तापाला इंजेक्शन मागायची आपली सवय इथे नडते. घ्यावंच लागलं तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, यात कुणाचा अपमान होत नाही.

जत्रेत एकाच सुईने ओळीने दहा जणांना गोंदणारे, बदललेलं नसलेलं सलूनमधलं ब्लेड, कान-नाक टोचायची तीच तार, नशेच्या इंजेक्शनची वाटून घेतलेली सिरिंज, हे बाकीचे रस्ते. रक्तपेढीतलं रक्त आज दोन्ही विषाणूंसाठी तपासूनच मिळतं. सीची तपासणी २००१ च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं, सिझेरियनमध्ये किंवा अपघातात, त्यांनी एकदा सीची तपासणी करून घ्यावी.

मुलगा वडिलांना लिव्हरचा तुकडा देणार आहे. त्याला कॅन्सर होईल का?

वडिलांकडून त्याच्याकडे काहीच जात नाही. तुकडा त्याच्याकडून निघतो आणि वडिलांना बसतो, वडिलांचं आजारी यकृत काढून टाकलं जातं. मुलाचं उरलेलं यकृत काही महिन्यांत जवळजवळ पूर्ण आकाराचं होतं. त्याला ऑपरेशनचा धोका असतो, तो खरा आहे आणि त्याबद्दल सर्जनशी मोकळं बोलावं. कॅन्सरचा नाही.

केमो आणि रेडिएशन चालू असताना लहान मुलांना दूर ठेवायचं का?

बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनने माणूस किरणोत्सर्गी होत नाही. मशीन बंद झालं की संपलं. यट्रियम या किरणोत्सर्गी धातूचे सूक्ष्म कण थेट यकृतात सोडतात तो प्रकार केला असेल, तर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून थोडं अंतर ठेवायला सांगतात. केमोनंतर साधारण दोन दिवस लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला आणि फ्लश दोनदा करा. ती काळजी औषधापासून आहे, आजारापासून नाही.

माणूस गेल्यावर आंघोळ घालणं, खांदा देणं?

सगळं करा. बी किंवा सी असेल आणि जखमेतून रक्त येत असेल तर हातमोजे घाला.

माझाच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मलाही कॅन्सर होणार?

धोका आहे, शिक्षा नाही. सी असेल तर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांत विषाणू मुळापासून जातो, शंभरात पंचाण्णवच्या आसपास लोक बरे होतात. कायमचा राहिलेला बी सहसा मुळापासून जात नाही, पण गोळीने दबून राहतो. प्रत्येक पॉझिटिव्हला गोळी लागतेच असं नाही, ते विषाणूचं प्रमाण आणि यकृताची अवस्था पाहून ठरतं. ज्यांना सिरोसिस झालंय, त्यांनी सी बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. गाठ छोटी असताना सापडली तर काढता येते. दारू पूर्ण बंद, अगदी ‘सणासुदीला’ही नाही.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. त्यात तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा.

बहिणीचं लग्न ठरलंय. तिचा बी पॉझिटिव्ह आलाय. सांगायचं का?

सांगायचं. लग्नाआधी मुलाने लस पूर्ण केली तर या संसारात काहीही अडत नाही, मुलंही निरोगी होतात. लपवलं आणि पहिल्या बाळंतपणाच्या तपासणीत बाहेर आलं, तर दोष विषाणूला नाही, मुलीला लावला जातो. शक्य असेल तर दोन्ही घरांना एकत्र डॉक्टरांपुढे बसवा. पत्रिका जुळवायला जेवढा वेळ देतो त्याच्या पावपट पुरतो.

लॅबमध्ये जाऊन नेमकं काय मागायचं?

बीसाठी एचबीएसएजी, सीसाठी अँटी-एचसीव्ही. घरात बीचा पेशंट असेल तर सोबत अँटी-एचबीसी टोटल आणि अँटी-एचबीएस, म्हणजे पूर्वी लागण होऊन गेली का आणि लसीचं संरक्षण आहे का तेही कळतं. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आला तर लगेच घाबरू नका, काहींच्या शरीराने विषाणू आपणहून घालवलेला असतो. आता आहे की नाही ते एचसीव्ही आरएनए तपासणी सांगते. लस लहानपणी झाली की नाही हे आठवत नसेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आठवणीवर विसंबू नका. सगळे निगेटिव्ह आले की पहिला डोस त्याच आठवड्यात घ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तिसरा डोस सहा महिन्यांनी असतो आणि तोच बहुतेक जण विसरतात.